दुसऱ्या अंकातली दाढी

पडदा वर जातो तेव्हा समोर दोन खोल्यांचं घर. दोन्ही खोल्यांच्या मधल्या चौकटीला दार नाही, तिथे एक लाल मखमली पडदा लोंबतो आहे. तो नाटक कंपनीने टाकून दिलेला, एके काळचा राजदरबाराचा. खालची झालर उंदरांनी कुरतडलेली, पण ऐट अजून दरबारातलीच. खाटेखाली काजं-बटणं करायच्या सदऱ्यांचा गठ्ठा. स्वयंपाकघरात स्टुलावर एक लहानशी मुलगी पाय हलवत बसली आहे आणि तिच्यासमोर उलट्या बादलीवर एक किडकिडीत गृहस्थ. नाकावर बायकोचा चष्मा, हातात छडी म्हणून उलथनं.

"मी बाई आहे," गृहस्थ म्हणाले. "ये आत."

"आले की."

"'आले की' नाही. 'आत येऊ का, बाई?' असं विचारायचं. मी 'ये' म्हटलं की दोन पावलं टाकायची. दोनच. तिसरं टाकलंस तर टेबलावर आपटशील."

"इथे टेबल कुठाय? इथे स्टोव्ह आहे."

"स्टोव्ह म्हणजेच टेबल."

"मग बाई टेबलावर चहा करतात?"

पडद्यापलीकडून बायकोचं हसू ऐकू आलं. गृहस्थांनी चष्म्यावरून तिकडे रोखून पाहिलं. हल्ली तिच्या हसण्यातही त्यांना काहीतरी शिजत असल्याचा वास येत होता.

हा गृहस्थ नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. सगळी कंपनी त्याला कानमंत्री म्हणे. विंगेतल्या अंधारात उंच स्टूल, काळ्या कागदाची टोपी घातलेला इवलासा दिवा आणि मांडीवर नाटकाची संहिता, एवढंच त्याचं राज्य. पण त्या राज्याला सगळे राजे-महाराजे वचकून असत. नटाचं वाक्य हरवायच्या आधीच कानमंत्र्याला ते कळायचं. कोणी आवंढा गिळे, कोणाचा अंगठा मुठीत जाई, कोणी उगाच शेला सावरे. ती खूण दिसली की कानमंत्र्याचा आवाज सुटे, तो थेट त्या नटाच्या कानात. शेजारच्या नटीला पत्ता लागत नसे, पहिल्या रांगेची तर बातच सोडा. ओठ हलत नसत. कंपनीचा नायक अभिमानाने म्हणायचा, "हा माझा दुसरा मेंदू. पहिल्याचं मला नक्की ठाऊक नाही."

असं काम वर्षानुवर्षं केलं की माणूस संशयी होतो. ज्याची वाक्यं तोंडपाठ आहेत असं सगळे म्हणतात, तोच ऐन शपथेच्या वेळी आ वासून उभा राहतो, हे कानमंत्र्याने इतक्यांदा पाहिलं होतं की विश्वास नावाची चीज त्याने कधीच विंगेबाहेर ठेवून दिली होती. घराचं कुलूप तो ओढून बघे, पुन्हा ओढून बघे, कोपऱ्यावरून परत येऊन आणखी एकदा ओढे. दूधवाला माप भरू लागला की हा असा वाकून बघे, की त्या प्रामाणिक बिचाऱ्याच्याही हातून दूध सांडे.

त्याची मुलगी घरात अखंड बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं टकळी. पण उंबरठा ओलांडला की टकळीच्या तोंडाला कुलूप. कोणी काही विचारलं की ती बापाकडे बघे. बाप दिसला नाही तर जमिनीकडे.

महिन्यापूर्वी तिचं नाव पहिलीत घालायला तिघं शाळेत गेली, तिथेच सगळं बिनसलं. शाळेच्या मुख्य म्हणजे मोठ्या बाई. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आवाज लोण्यासारखा. कानमंत्र्याला पहिल्याच वाक्याला शंका आली. इतका मऊ आवाज त्याच्या अनुभवात फक्त विष पाजणाऱ्या राणीला असे.

मोठ्या बाईंनी एक चित्र पुढे केलं. "हे काय आहे बरं?"

टकळीने डावीकडे बसलेल्या बापाकडे पाहिलं. जरा थांबून म्हणाली, "होडी."

"होडीत कोण कोण आहे?"

पुन्हा डावीकडे. "आजोबा आणि शेळी."

"कुठे चाललेत गं ते?"

डावीकडे. "पैलतीरी."

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. पहिलीतल्या पोरीच्या तोंडी पैलतीर! त्या उठल्या आणि त्यांनी टकळीची खुर्ची हळूच खिडकीकडे वळवली. "आता सांग, शेळीला भूक लागली तर ती काय खाईल?"

टकळीने आवंढा गिळला. अंगठा मुठीत गेला. तोंडातून शब्द नाही.

"वडिलांनी जरा बाहेर बसावं," मोठ्या बाई त्याच मऊ आवाजात म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर कानमंत्री कान लांब करून बसला, पण आतून लेकीचा एक शब्द ऐकू आला नाही. मग निकाल आला. मुलगी हुशार दिसते, पण स्वतःचं काही बोलत नाही. वर्गात पाणी हवं, पोट दुखतंय, एवढं तरी तिने सांगायला नको का? शाळा उघडायच्या आधी पुन्हा एकदा बघू. बोलली तर ठीक, नाहीतर आणखी एक वर्ष घरी राहू दे.

एक वर्ष! गल्लीतली बरोबरीची सगळी पोरं दप्तरं घेऊन निघणार आणि टकळी खिडकीत बसून त्यांच्याकडे बघणार.

रस्त्यात बायको म्हणाली, "तुम्हीच सांगत होता तिला."

"मी? मी अक्षर बोललो असेन तर जीभ झडो माझी."

"आणि पैलतीर कुठून आलं?"

"हल्लीची पोरं काय काय शिकतात, काही सांगता येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या गळ्याला आता त्याला विचारायची गरजच उरली नव्हती. समोर कोणी अडलं की तो आपोआप सुटे. बायकोने मात्र पाहिलं होतं, लेकीच्या प्रत्येक उत्तराआधी नवऱ्याच्या गळ्याची घाटी खाली-वर होत होती.

कानमंत्र्याने मग त्याला ठाऊक असलेला एकमेव उपाय केला. त्याने तालमी सुरू केल्या. बाई काय विचारतील आणि टकळीने काय म्हणायचं, सगळं बांधून टाकलं. तो समोर बसला की पोरगी नायिकेसारखी धडाधड बोले. तो मखमली पडद्याआड गेला की गाडी ठप्प.

"तुमच्या तालमीने ती जास्तच बिथरतेय," बायको म्हणाली.

"तालीम कमी पडतेय."

"मग करा, करा. लग्न होईपर्यंत तालीमच करा तिची."

आणि मग दुपारी काहीतरी घडू लागलं.

नाटकवाल्यांची रात्र उशिरा संपते, म्हणून कानमंत्री दुपारी झोपायचा. एकदा मध्येच जाग आली तर घर रिकामं. तासाभराने मायलेकी परत आल्या.

"कुठे गेला होतात?"

"शिंप्याकडे गठ्ठा टाकून आलो, येताना जरा सावलीत बसलो," बायको म्हणाली आणि लगबगीने स्टोव्ह पेटवायला बसली.

संध्याकाळी त्याने लेकीला एकटीला गाठलं. "काय गं, दुपारी कुठे गेला होतात?"

"शिंप्याकडे गठ्ठा टाकून आलो, येताना जरा सावलीत बसलो."

स्वल्पविरामासकट तेच! कानमंत्र्याच्या मनात पाल चुकचुकली. दोन माणसं खरं सांगतात तेव्हा एक गठ्ठा म्हणतं, दुसरं सदरे म्हणतं. एकाला ऊन आठवतं, दुसऱ्याला रस्त्यातलं कुत्रं. शब्दाला शब्द जुळला म्हणजे पाठांतर. आणि त्या एवढ्याशा पोरीच्या बोलण्यात 'जरा' कुठून आला?

त्याने खाटेखाली वाकून पाहिलं. गठ्ठा जागच्या जागी, गाठसुद्धा सकाळचीच.

पाणी कुठेतरी मुरत होतं. त्याने शोध सुरू केला. फ्रॉकच्या बाहीवर पांढरी भुकटी सापडली. शिंप्याचा खडू चपटा आणि निळा असतो, हे त्याला कपडेपटात वावरून चांगलं ठाऊक होतं. मग ही भुकटी कसली? खिशात लिमलेटच्या गोळीचा कागद. आणि दोन दिवसांनी खुंटीवरचा जुना फ्रॉक आणि टॉवेल, दोन्ही गायब.

लिमलेटच्या गोळ्या! त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायकोची थोरली बहीण. घरात मूलबाळ नाही, कपाटात गोळ्यांची बरणी कायम भरलेली. टकळीला शाळेने परत पाठवलं तेव्हा तीच म्हणाली होती, "ठेवा पोरीला माझ्याकडे. जिथली माणसं रात्री झोपतात आणि दिवसा जागतात, अशा घरात राहिली तर आपसूक बोलायला लागेल." तेव्हा तो हसला होता. आता हसू येईना. हळूहळू कपडे हलवायचे, पोरीला मावशीच्या घराची सवय लावायची आणि एक दिवस याला झोपेतून उठवून सांगायचं, आता ती तिकडेच शाळेत जाईल. नाटकात राज्यं अशीच जातात. आधी एक टॉवेल जातो.

बायकोला विचारायची त्याची छाती झाली नाही. खरं उत्तर आलं असतं तर काय, ही भीती.

त्या रात्रीच्या प्रयोगात न होणारी गोष्ट झाली. नायक तलवार उपसून शपथ घ्यायला उभा राहिला, आवंढा गिळला, अंगठा मुठीत घेतला, आणि विंगेतून काहीच आलं नाही. नायकाने तलवारीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, शेवटी "बस्स! शब्द पुरे झाले!" असं गरजून तो आत आला. टाळ्या पडल्या, पण आत आल्यावर त्याने कानमंत्र्याचा खांदा धरला.

"मेला होतास का रे?"

कानमंत्र्याने सगळं सांगून टाकलं. नायकाने हनुवटी खाजवत विचार केला. "सोपं आहे. वेष पालटून त्यांच्या मागे जा. दुसऱ्या अंकात मी तेच करतो."

"दुसऱ्या अंकात तुम्हाला बायको ओळखत नाही, कारण तसं लिहिलेलं आहे."

"माझ्या अभिनयामुळे ओळखत नाही," नायक दुखावून म्हणाला. आणि दुसऱ्या अंकातली दाढी त्याने स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळून दिली. मोठ्या मनाचा माणूस. असे नायक आता होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कानमंत्री भिंतीकडे तोंड करून झोपला आणि घोरू लागला. घोरणं अंमळ रंगलंच. बाहेर पडताना बायको लेकीला म्हणाली, "आज बाबांचं घोरणं शेवटच्या रांगेपर्यंत जातंय बघ." दार नुसतं ओढलं गेलं. तो टुणकन उठला, डिंकाने दाढी चिकटवली, खलनायकाचा लांब कोट चढवला आणि भर उन्हात निघाला.

मेव्हणीचं घर डावीकडे. मायलेकी वळल्या उजवीकडे. एक गल्ली, मग पिठाची गिरणी, मग सायकलवाल्याचं दुकान. आणि त्या शिरल्या शाळेच्या फाटकात.

सुट्टीतल्या बंद शाळेत यांचं काय काम? संशय कमी व्हायचा तर दुप्पट झाला. तो कुंपणाच्या कडेने वाकत वाकत गेला आणि एका वर्गाच्या खिडकीखाली दबा धरून बसला. डोकं वर काढून पाहिलं.

आत टकळी होती. अंगात खुंटीवरून गेलेला जुना फ्रॉक, हातात तोच टॉवेल. ती बाकं पुसत होती. फळ्याखाली खडूची भुकटी सांडलेली. शाळेची मावशी, म्हणजे झाडलोट करणारी आणि घंटा देणारी धिप्पाड बाई, पाण्यात फडकं पिळत एकटीच बडबडत होती. दाराशी बायको मांडीवर सदरा घेऊन काज घालत बसली होती. टकळीला कोणी काही विचारत नव्हतं. गालात लिमलेटची गोळी ठेवून ती गुणगुणत होती.

मग मावशी सहज म्हणाली, "हा पुढचा बाक लखलखीत केलास की! इथे कोण बसणार गं?"

गुणगुणणं थांबलं. टकळीने आवंढा गिळला. अंगठा मुठीत गेला.

खिडकीखाली कानमंत्र्याचा गळा सुटला. "मी बसणार," त्याने नेमका आवाज सोडला, थेट लेकीच्या कानावर. पण दाढीत असा आवाज त्याने जन्मात कधी सोडला नव्हता. श्वासाबरोबर दाढीचे केस घशात गेले आणि 'बसणार'चा असा काही ठसका झाला की कुंपणावरचे कावळे उडाले.

मावशी खराटा घेऊन बाहेर आली. "कोण रे मेल्या! पोरींच्या वर्गात डोकावतोस?"

"अहो, मी... मी पालक आहे!"

"असला पालक मी फुकट मिळाला तरी पिशवीत घेणार नाही. चल आत!"

कॉलर धरून तिने त्याला वर्गात आणलं. बायकोने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मावशी, सोडा, हे..."

पण गलका ऐकून मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बायकोला हातानेच थांबवलं. त्या गृहस्थाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि टकळीपाशी जाऊन मऊ आवाजात विचारलं, "बाळ, ह्यांना तू ओळखतेस?"

टकळी बापाकडे बघत होती. तिने आवंढा गिळला.

कानमंत्र्याला सगळं दिसत होतं. वाक्य तयार होतं, एवढंसं, 'हे माझे बाबा'. सोडलं की लागलं. ही खूण दिसल्यावर थांबायचं असतं, हे त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. थांबलेल्या माणसाला तसंच उभं ठेवणं म्हणजे त्याच्या धंद्यात खून. घाटी वर आली. त्याच वेळी त्याला दिसलं की पोरगी काही आठवत नाहीये. ती वाट बघतेय. त्याची. इतके दिवस ती स्वतःचं उत्तर शोधतच नव्हती, कारण बापाचं आधीच पोचत होतं.

त्याने दातांखाली जीभ धरली. खरोखर धरली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पिळलेल्या फडक्यातून बादलीत पाणी ठिबकत होतं. मावशीने कॉलर सोडली नव्हती. टकळी वाट पाहून पाहून कंटाळली. तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"दाढी कंपनीची आहे," ती म्हणाली.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि दाढीमागचे?"

"ते माझे बाबा. दाढी दुसऱ्या अंकातली आहे, पण बाबांनी उलटी लावलीय. मिशी खाली असते का कधी? आणि हा कोट वाईट माणसाचा आहे, पण बाबा वाईट नाहीत. ते आमच्या मागून आले. ते सगळ्यांच्याच मागे असतात, ते त्यांचं कामच आहे. मावशी, त्यांना सोडा ना, त्यांना रात्री नाटकाला जायचंय. आणि बाई, शेळी ना, शेळी आजोबांची टोपी खाईल, कारण होडीत गवतच नाहीये!"

मावशीच्या हातून कॉलर सुटली. बायकोने सदरा तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते सदऱ्यालाच ठाऊक. मोठ्या बाईंनी टकळीच्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे, पुरे. शाळा उघडली की ये. पण आत एकटीने यायचं हं."

परतीच्या वाटेवर कानमंत्री मायलेकींच्या मागून चालला होता. दाढी खिशात, हनुवटी डिंकाने लाल झालेली. गिरणीपाशी न राहवून त्याने बायकोला विचारलं, "ते सगळं तू पढवलं होतंस ना तिला?"

"हो तर! तुम्ही दाढी उलटी लावणार, हे मला महिन्यापूर्वीच कळलं होतं."

तो आणखी थोडं चालला. "मला सांगायचं होतंस."

"मोठ्या बाई म्हणाल्या, तिला रोज नुसती इथे आणा, भिंतींची ओळख होऊ दे. अट एकच, वडील नकोत. हे तुम्हाला सांगितलं असतं, तर दुपारी झोपला असतात?"

"नसतो झोपलो."

"मग?"



शाळा उघडायच्या दिवशी त्याने तालीम घेतली नाही. बाकी काही सोडलं नाही. दप्तराचा पट्टा ओढून पाहिला, पाण्याची बाटली उपडी धरून पाहिली. शाळेच्या फाटकाची कडी लावून-काढून पाहिली, ती सैल वाटली म्हणून मावशीला दोनदा बजावलं. "खराटा आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली, "तुम्हाला अनुभव आहेच." टकळी शांत होती, फारच शांत. ती धीट असल्याचं नाटक करतेय की काय, असाही त्याला संशय आला.

मावशीने घंटा दिली. कानमंत्र्याच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या घंटेला पडद्यामागे येतो तसाच. पोरांची झुंबड आत निघाली. टकळी पायरीपर्यंत गेली आणि मागे वळली. बायकोने त्याची बाही घट्ट धरली.

"बाबा," टकळी तिथूनच ओरडली, "आत गेल्यावर आधी काय म्हणू?"

त्याच्याकडे एक सोडून तीन वाक्यं तयार होती, तिन्ही हमखास टाळी घेणारी. त्याने आवंढा गिळला. त्याचाच अंगठा त्याच्या मुठीत गेला. मग त्याने आयुष्यात प्रथमच, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं,

"मला नाही माहीत, टकळे. घरी आलीस की तूच मला सांग!"